आम्ल गेले कुठे?

अंबड तालुक्यातील एका मोसंबी उत्पादक वाचकाचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे आहे, त्यातील मुख्य भाग असा:

"माझी चार एकर मोसंबी आहे. बोअरचे पाणी ५,००० लिटरच्या सिमेंटच्या हौदात साठवून ठिबकने देतो. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि दोन-अडीच महिन्यांत निम्मे ड्रीपर बंद पडतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून भरलेल्या हौदात एक लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकले. सामूच्या (पीएचच्या) कागदावर पाणी ८ वरून ७ च्या किंचित खाली आले, पण दोन दिवसांनी पाहिले तर पुन्हा ८. मुलगी बारावी विज्ञानाला आहे. तिने हिशोब करून सांगितले की एवढ्या ॲसिडने सामू २.७ ला यायला हवा होता. तेव्हा ॲसिड भेसळीचे आहे असे आम्ही धरले, दुकानदाराशी बोलाचाली झाली आणि मी कॅनचे पैसे अडवून ठेवले आहेत. मुलगी विचारते, आम्ल आणि आम्लारी यांचे क्षार आणि पाणी झाले की विषय संपतो, मग पाणी पुन्हा पहिल्यासारखे कसे होते? माझा प्रश्न साधा आहे. ॲसिड किती टाकू? झाडांची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ॲसिडच्या पाण्याने ती सुधारतील का? फवारणीच्या पाण्यातही ॲसिड टाकावे काय? पाणी तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे."

सप्रेम नमस्कार.

अहवाल सोबत जोडलात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचे उत्तर त्यातल्या एका ओळीत आहे आणि ती ओळ सामूची नाही. सामू ८.१ आहे, तो सगळ्यांच्या नजरेत भरतो. त्याच्या दोन ओळी खाली 'एकूण अल्कलिनिटी, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर' असे लिहिले आहे, आणि आपल्या ठिबकचे, मोसंबीचे व दुकानदाराशी झालेल्या भांडणाचे मूळ तिथे आहे. (एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे माती-पाण्याच्या अहवालात 'क्षारता' हा शब्द विद्युत वाहकतेसाठी वापरतात, तर बोलताना आपण खारट पाण्यालाही क्षारयुक्त म्हणतो आणि अल्कधर्मी पाण्यालाही. या गोंधळात पडायला नको म्हणून येथे मी 'अल्कलिनिटी' हाच शब्द ठेवतो.)

सामू म्हणजे पाण्यात या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन किती विरळ किंवा दाट आहेत याचे माप. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली ते मांडले, आणि ते दहाच्या पटीत चालते, म्हणजे सामू एकाने उतरला की मोकळे हायड्रोजन आयन दहापट झालेले असतात. अल्कलिनिटी हे वेगळे माप आहे. पाणी किती आम्ल गिळू शकते, हे ती सांगते. आपल्या भागातील बोअरच्या पाण्यात हे गिळण्याचे काम मुख्यतः बायकार्बोनेट करते. ४०० या आकड्याला ५० ने भागले की ८ येतात, म्हणजे आपल्या प्रत्येक लिटर पाण्यात ८ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल आणि ते गिळणारा पदार्थ एकाच मापाने मोजण्याचे एकक) बायकार्बोनेट आहे, आणि ते सगळे संपवायला तेवढेच आम्ल लागेल. हौदातील ५,००० लिटर पाण्यात अशी एकूण ४०,००० मिलिइक्विव्हॅलंटची भूक आहे. बाजारातील ३० ते ३३ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० मिलिइक्विव्हॅलंट आम्ल असते, म्हणजे एका लिटरमध्ये १०,०००. आपण एक लिटर टाकलेत, तेव्हा त्या भुकेचा चौथा हिस्सा भागला.

आपल्या लेकीचा हिशोब अगदी बरोबर आहे, हे तिला आवर्जून सांगावे. दहा मोल आम्ल पाच हजार लिटरमध्ये विरळ केले तर सामू २.७ येतो, यात तिची काही चूक नाही. फक्त हा हिशोब ज्या पाण्यात काहीच विरघळलेले नाही अशा पाण्याचा आहे, आणि आपल्या बोअरचे पाणी तसे नाही. हौदात आम्ल पडताच त्यातील हायड्रोजन आयन बायकार्बोनेटने धरले, त्यांचे कार्बोनिक आम्ल झाले, म्हणजेच बहुतांशी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड झाला, आणि मोकळे उरलेले हायड्रोजन आयन इतके थोडे होते की कागदाने ६.८ दाखवले. गणित करून पाहिले तर आपण टाकलेल्या दर दहा हजार हायड्रोजन आयनांपैकी एकही पुरता मोकळा उरलेला नव्हता. हे भेसळीचे लक्षण नाही. निखालस शुद्ध आम्लानेही याच पाण्यात हेच झाले असते.

हा आकडा कसा येतो ते लेकीने वहीत करून पाहावे, कारण बारावीच्या आयनिक समतोलाच्या प्रकरणात बफरचे (सामू सहजी हलू न देणाऱ्या द्रावणाचे) जे समीकरण आहे तेच येथे लागू पडते. कार्बोनिक आम्लाचा पहिला विघटन स्थिरांक लॉगच्या भाषेत २५ अंश तापमानाला ६.३५ आहे. पाण्यात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड समसमान असतील तर सामू ६.३५ असतो, बायकार्बोनेट दहापट असेल तर ७.३५, शंभरपट असेल तर ८.३५. एक लिटर आम्ल टाकल्यावर आपल्या हौदात प्रति लिटर ६ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट आणि साधारण २.१ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड राहिला. या दोहोंचे गुणोत्तर २.८, त्याचा लॉग ०.४५, आणि ६.३५ मध्ये तो मिळवला की ६.८. आपल्या कागदाने दाखवले ते हेच. आता त्याच हौदात आणखी एक लिटर टाकले असते तर सामू साधारण ६.३ ला आला असता, तिसऱ्या लिटरने ५.९ ला, आणि चौथ्या लिटरला बायकार्बोनेट संपून तो एकदम ४.२ च्या जवळ कोसळला असता. त्यानंतर केवळ पाव लिटर जास्त पडले तरी पाणी ३.३ च्या घरात जाते. मला येथे थांबून सांगावेसे वाटते, कारण अंदाजाने ॲसिड ओतणारे शेतकरी नेमके या जागी फसतात. बराच वेळ काहीच होत नाही असे दिसते, म्हणून हात सैल सुटतो, आणि मग शेवटच्या थोड्याशा मापाने कडा ओलांडली जाते. सामू उतरत नाही याचा अर्थ आम्ल काम करत नाही असा नसतो, पाणी अजून भुकेले आहे असा असतो.

आता तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा प्रश्न वाटला. क्षार आणि पाणी झाले की विषय संपतो, हे तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्याबाबत व्यवहारात खरे आहे. बायकार्बोनेटचे तसे नाही. त्याची आणि आम्लाची अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालू राहते: हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट मिळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड व पाणी यांचे पुन्हा हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट होत असते. दोन्ही वेग सारखे झाले की आपण त्याला समतोल म्हणतो. समतोल म्हणजे सामसूम नव्हे. त्यातला एखादा घटक काढून घेतला की अभिक्रिया तो भरून काढण्याच्या बाजूला झुकते, हे फ्रान्सच्या ले शातलिए यांचे तत्त्व तिने पाठ केलेच असेल. आपल्या उघड्या हौदात नेमके तेच झाले. आम्ल टाकल्यावर पाण्यात कार्बन डायऑक्साइड इतका दाटला की हवेशी जुळण्याच्या मानाने तो शंभराहून अधिक पटींनी जास्त होता. जत्रेतला गोटी सोडा गोटी आत ढकलली की कसा फसफसतो, तसेच पण अगदी सावकाश, दोन दिवस तो वायू पाण्याच्या पृष्ठभागावरून निघून जात राहिला. तो गेला तशी अभिक्रिया त्याच्या बाजूला झुकली, राहिलेल्या बायकार्बोनेटने शिल्लक हायड्रोजन आयन धरले आणि सामू वर चढत ८ ला पोहोचला.

किती वायू गेला याचाही अंदाज करता येतो. टाकलेल्या दहा मोल आम्लाने दहा मोल कार्बन डायऑक्साइड सोडवला, म्हणजे सुमारे ४४० ग्रॅम. आपल्या दोनशे लिटरच्या टाकीत मावणार नाही इतका तो वायू आहे. आम्लातील क्लोराइड मात्र हौदातच राहिले, आणि त्यातला हायड्रोजन पाण्याचाच भाग झाला. म्हणजे आम्ल वाया गेले असेही म्हणता येत नाही, कारण दोन दिवसांनी कागद पुन्हा ८ दाखवत असला तरी त्या पाण्याची अल्कलिनिटी आता ४०० नसून ३०० च्या जवळ असणार. सामूच्या कागदाला हा फरक दिसत नाही. प्रयोगशाळेत मिथिल ऑरेंज हा रंगदर्शक टाकून अनुमापन केले, म्हणजे किती आम्ल लागते ते थेंबाथेंबाने मोजले, तर लगेच दिसेल.

एक गोष्ट आणखी. आपला हौद सिमेंटचा आहे. सिमेंट स्वतः आम्लारिधर्मी असते आणि त्यातील चुना आम्लात विरघळतो. हौदात ॲसिड टाकल्याने त्यातले थोडे भिंतींच्या गिलाव्याने खाल्ले, आणि बदल्यात पाण्याला कॅल्शियम दिले, जे आपल्याला मुळीच नको आहे. तेव्हा हौदात ॲसिड टाकणे आजपासून बंद करावे.

हे बायकार्बोनेट येते कुठून, हे समजले की ड्रीपरचा थरही समजतो. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्ल असते, शुद्ध पाणी हवेशी जुळले तर त्याचा सामू ५.६ च्या आसपास येतो. ते काळ्या मातीत मुरते तेव्हा मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वासाने मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट झालेला असतो. असे कार्बोनिक आम्लाने भारलेले पाणी आपल्या बेसाल्ट खडकातील कॅल्शियम असलेली खनिजे आणि मातीतील चुनखडी विरघळवत खाली जाते. खडकाच्या भेगांत, हवेपासून दूर, ते सगळे सुखाने विरघळलेले राहते. बोअरने वर आणून हवेत सोडले की दाब सुटतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, समतोल उलटा झुकतो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊ पाहतो. ड्रीपरच्या तोंडाशी याला तीन गोष्टी हातभार लावतात: थेंब हवेत उघडा पडतो, पाण्याची वाफ होते, आणि उन्हात नळी तापते. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात जास्त विरघळत नाही, उलट कमी विरघळते, म्हणून चैत्र-वैशाखात थर लवकर बसतो. आपल्या घरात पाणी तापवायच्या भांड्याला बसणारा पांढरा थर आणि पाणी जड असल्याने न शिजणारी तुरीची डाळ ही याच पाण्याची लक्षणे आहेत. अहवालात कॅल्शियम ८० मिलिग्रॅम दाखवले आहे. एवढे कॅल्शियम आणि एवढे बायकार्बोनेट असलेल्या पाण्यातून साधारण सामू पावणेसात-सातच्या वर गेला की चुना बाहेर पडू लागतो. आपले पाणी ८.१ ला आहे.

तेव्हा ॲसिड किती टाकू, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि त्यांपैकी एकच मी आपल्याला सुचवतो.

पहिला मार्ग असा, की ओलिताच्या पाण्यात दर वेळी ॲसिड सोडून सामू साडेसहाच्या आसपास ठेवायचा. त्यासाठी ५,००० लिटरला सुमारे दीड लिटर आम्ल लागेल, आणि ते हौदात न टाकता पंपानंतर बंद नळीत व्हेंच्युरीने (वाहत्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या साधनाने) सोडावे लागेल, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला निसटायला वाव मिळत नाही व सामू ड्रीपरपर्यंत टिकतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. मोसंबीसाठी मात्र मला ते पटत नाही. दीड लिटर आम्लाबरोबर प्रत्येक लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक क्लोराइड जाते, आणि लिंबूवर्गीय झाडे क्लोराइडला नाजूक असतात. वर्षभर असे पाणी दिले तर ड्रीपर उघडे राहतील पण पानांच्या कडा जळू लागतील. फॉस्फोरिक आम्ल वापरावे तर ते महाग, आणि अपुऱ्या मात्रेत कॅल्शियमशी मिळून फॉस्फेटचा नवाच थर देऊ शकते. गंधकाम्लात क्लोराइडचा त्रास नाही, परंतु तीव्र गंधकाम्ल हाताळताना होणाऱ्या इजा मी पाहिल्या आहेत आणि घरच्या माणसांनी घरच्या साधनांनी ते हाताळावे असे मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसरा मार्ग नळ्या ठरावीक काळाने धुण्याचा, आणि आपल्यासाठी तो योग्य आहे. यात एकेका व्हॉल्व्हचा भाग घेऊन, वाहत्या पाण्यात व्हेंच्युरीने आम्ल सोडून, पाण्याचा सामू अडीचच्या आसपास उतरवायचा, शेवटच्या ड्रीपरपर्यंत ते पोहोचले की पंप बंद करून अर्धा-एक तास थांबायचे, आणि मग नळ्यांची टोके उघडून साध्या पाण्याने भरपूर धुऊन काढायचे. आपल्या पाण्याच्या दर १,००० लिटरला यासाठी सुमारे ११०० मिलिलिटर आम्ल लागेल. त्यातले ८०० मिलिलिटर निव्वळ बायकार्बोनेटच खाणार आहे, उरलेले ३०० थर विरघळवण्याच्या कामी येणार, हे ध्यानात ठेवावे. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी वेगळे असेल तर त्याला हे माप लागू नाही. मात्रा बसली की नाही हे शेवटच्या ड्रीपरखाली भांडे ठेवून कागदाने पाहावे. तिथे सामू ४ किंवा त्याहून जास्त आला तर आम्ल वाटेतल्या थराने संपवले असे समजून तोच भाग पुन्हा करावा. शंभर ग्रॅम चुन्याच्या थराला सुमारे २०० मिलिलिटर आम्ल लागते, त्यामुळे वर्षानुवर्षे साचलेला थर एका खेपेत निघेल अशी अपेक्षा करू नये. १६ मिलिमीटरच्या नळीत १०० मीटरमागे साधारण १५ लिटर पाणी मावते, त्यावरून नळ्यांतील पाण्याचा अंदाज येईल, मात्र आम्ल सोडत असताना ड्रीपरमधून पाणी जातच असते, तेही धरावे. ठिबक संच ज्यांच्याकडून घेतला त्यांचे आम्ल प्रक्रियेचे माप असते, ते विचारून घ्यावे, आणि लोखंडी फिल्टर व पंपाचे भाग आम्लाच्या वाटेत येणार नाहीत अशा जागी व्हेंच्युरी बसवावी.

आता अगदी काकुळतीने सांगतो. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि अंगभर कपडे यांशिवाय कॅन उघडू नये, वारा तोंडावर येईल असे उभे राहू नये, आणि शेजारी साध्या पाण्याची भरलेली बादली असावी. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण वापरत असाल तर ते आणि आम्ल एका दिवशी, एका भांड्यात किंवा एका नळीत येऊ देऊ नये, कारण हाही समतोलच आहे: पाण्यात आम्ल वाढले की हायपोक्लोरस आम्लाचे क्लोरीन वायूत रूपांतर होते, आणि तो फुप्फुसे जाळतो. कॅन कुलपात ठेवावा. आम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंधने घातली, त्यामागे किती जणींचे जळालेले चेहरे आहेत हे आपण जाणताच.

आम्लाशिवाय होण्यासारखे एक काम आहे आणि मला ते सर्वांत आवडते. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून आपल्या भागात अनेकांनी शेततळी केली. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसते. शेततळ्यात साठवलेले पाऊसपाणी आणि बोअरचे पाणी समसमान मिसळले तर ८ चे ४ होतात, कॅल्शियमही निम्मे होते, आणि थर बसण्याचा वेग त्याहूनही अधिक कमी होतो, कारण थर या दोन्हींच्या गुणाकारावर अवलंबून असतो. आपल्याकडे किंवा भावकीत शेततळे असेल तर उन्हाळ्यात निदान निम्मे पाणी तिथून घेण्याचा विचार करावा.

पिवळ्या पानांविषयी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे नेहमीचे चित्र आहे. जस्ताच्या कमतरतेतही पाने बारीक व शिरांमध्ये पिवळी होतात, म्हणून पाने एकदा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावीत. लोहच कमी निघाले तरी जमिनीत लोह नाही असे बहुधा नसते, आपल्या मातीत ते भरपूर असते. मातीचा सामू एकाने चढला की विरघळलेले फेरिक लोह हजारपटीने घटते, आणि चुनखडीच्या जमिनीत सामू ८ च्या आसपास अडून बसतो. त्याला ॲसिडच्या पाण्याने हलवता येईल काय? एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो होते. तिच्यात समजा पाच टक्के मोकळा चुना आहे, म्हणजे ४५,००० किलो. तो संपवायला एकराला ९०,००० लिटर ॲसिड लागेल. हा आकडा मी आपल्याला घाबरवण्यासाठी देत नाही, हौदातल्या पाण्याला बायकार्बोनेट जसे सांभाळते तसे जमिनीला चुना सांभाळतो आणि त्याच्याशी कॅनने झुंजता येत नाही, एवढेच त्यातून दिसावे. त्यापेक्षा ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड (सेंद्रिय रेणूने धरून विरघळलेले ठेवलेले) लोह मुळांशी द्यावे, ते अल्कधर्मी जमिनीतही टिकते. ईडीटीएचे स्वस्त असले तरी अशा जमिनीत कॅल्शियम त्यातल्या लोहाची जागा घेतो आणि ते वाया जाते. पाणी जास्त देऊन आळ्यात साचू देऊ नये, कारण साचलेल्या पाण्यात मुळांचा कार्बन डायऑक्साइड कोंडतो, बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणा बळावतो. शेणखत भरपूर असावे.

फवारणीच्या पाण्यापुरते सांगायचे तर कॅप्टन, मॅलॅथिऑन यांसारखी काही औषधे अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटतात, म्हणून तिथे आम्ल करणे योग्य आहे, पण हायड्रोक्लोरिक वापरू नये. घरातले लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरेसे आहे. आपल्या पाण्याच्या १५ लिटरच्या पंपाला ७ ते ८ ग्रॅम टाकले तर सामू ६ च्या आसपास येईल. ते पाणी लगेच फवारावे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण हौदाचे जे झाले तेच पंपाचेही होईल. बोर्डो मिश्रणात आणि इतर ताम्रयुक्त औषधांत मात्र लिंबूसत्व चुकूनही घालू नये. तिथे तांबे चुन्याने बांधून ठेवलेले असते, आम्ल पडले की ते सुटते आणि पाने जाळते.

राहिला दुकानदार. ॲसिडची पारख सामूच्या कागदाने करू नये, कारण आम्ल निम्म्या शक्तीचे असले तरी सामू फक्त ०.३ ने बदलतो आणि कागदाला तेवढे कळत नाही. लेकीने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, दोन गोष्टी करून पाहाव्यात. दहा मिलिलिटर ॲसिड दोनशे मिलिलिटर पाण्यात विरळ करून त्यात वजन केलेला खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकत जावे आणि फसफस थांबेपर्यंत किती ग्रॅम लागला ते लिहावे. आठ-साडेआठ ग्रॅम लागले तर माल चोख आहे, चार-साडेचारवर थांबले तर निम्मे पाणी आहे. दुसरे, बोअरच्या पाण्याच्या पाच लिटरमध्ये एक मिलिलिटर ॲसिड मिसळून, त्यातले निम्मे एका बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे आणि निम्मे परातीत उघडे ठेवावे. दोन दिवसांनी दोन्हींचा सामू पाहावा. बाटलीतले पाणी ६.८ च्या जवळच असेल आणि परातीतले ८ कडे गेलेले असेल, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला तिच्याच हातून मिळेल. सोड्याच्या मापात ॲसिड चोख उतरले तर आपण स्वतः दुकानात जाऊन कॅनचे पैसे द्यावेत, आणि जाताना पाण्याचा अहवालही सोबत न्यावा, म्हणजे आपल्या पाण्याला किती माप लागते हे त्यांनाही पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येईल.